बिनखिशाचे झगे

५ मार्च
दोरेवाल्याने नवीन वर्षाला दिलेली ही डायरी इतके दिवस कात्रीखाली पडून होती. आज उघडली, कारण ताईशी कडाक्याचं भांडण झालंय आणि ते सांगायला दुसरं कुणी नाही. आमच्या ह्यांना सांगावं तर हे ऐकतात आणि हसतात. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला वाटतं, जगातली प्रत्येक गोष्ट एक बटण दाबलं की खाली येते.

ताईच्या काखेजवळच्या गाठीचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. गाठ वाईट आहे, ऑपरेशन याच महिन्यात करू, उशीर नको, म्हणाल्या. मी लगेच तारखा विचारायला लागले. ताई मात्र बसची वेळ ऐकावी तशी ऐकत होती. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाली, "वीस एप्रिलनंतर बघू."

"वीस एप्रिलला काय आहे?"

"शेवट आहे, चिमे. मास्तर म्हणालेत."

मी कपाळावर हात मारून घेतला. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली, ताईलाही. ती दोनदा नापास झाली तरी ओरडले नाहीत. त्यांची बायको गेल्यापासून त्यांना म्हणे कळायला लागलंय, की वीस एप्रिलला भर दुपारी उजेड जाणार आणि सगळं संपणार. 'क्लच हळू सोडा' म्हणायचे त्याच आवाजात सांगतात, म्हणून लोकांना खरं वाटतं.

मी म्हटलं, "तुझं डोकं फिरलंय."

ती म्हणाली, "असेल."

अख्खा रस्ता मी बडबडत आले आणि ती दुकानांच्या काचा बघत आली.

९ मार्च
आज मास्तर स्वतः दुकानात आले. टोपी काढून हातात धरली. त्यांना झगे शिवून हवेत, सगळ्यांना एकसारखे. फिकट निळं चादरीचं कापड तेच आणून देणार. काजं नाहीत, बटणं नाहीत, कॉलर नाही.

"आणि खिसे?"

"खिसे नकोत हो. न्यायचं काहीच नाही ना."

"एकवीस तारखेला उजाडलं तर?"

"तर मशीन पुसायला वापरा."

माणूस चिडत नाही हीच त्याची मोठी पंचाईत आहे. मी काम घेणार नव्हते. मग डोक्यात एक कल्पना आली आणि मी जिना चढून वर ताईच्या खोलीत गेले. म्हटलं, "मी तुमचे सगळे झगे शिवते. पण एकवीसला मी दुकानाचं शटर उघडलं, तर तू मुकाट्याने हॉस्पिटलात यायचं."

ताईने जरा विचार केला. "उघडलंस, तर येईन."

तिने हात पुढे केला, मी धरला. तिने आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं. दिलेला शब्द तिने कधी मोडला नाही. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. 'तुझी वेणी रोज मी घालीन' म्हणाली होती आणि माझ्या लग्नाच्या सकाळपर्यंत घातली. तिचे यजमान गेले, मूलबाळ नाही. तिला मी आहे, मला ती आहे. ह्यांना मोजलं नाही म्हणून ह्यांनी रागावू नये.

तर सौदा झाला. मी स्वतःवर जाम खूश आहे. भांडून जे जमलं नाही ते शिवून जमवलं.

१७ मार्च
नुसता उच्छाद मांडलाय लोकांनी. जग बुडणार म्हणतात आणि फिटिंगच्या तक्रारी करतात!

चष्मेवाला म्हणतो, "कमरेत थोडं आत घ्या, पोट दिसतं." मी विचारलं, उजेड गेल्यावर कोण बघणार आहे? तर म्हणे, जाईपर्यंत तर आहे ना. भूगोलाच्या बाईंना झगा घोट्याच्या वर हवाय, कारण नवे बूट घेतलेत. हे संध्याकाळी चहा पीत तयार झग्यांकडे बघत म्हणाले, "ऑपरेशनला निघालेल्या पेशंटांची रांग वाटतेय." मी खूप हसले. मग एकदम हसू गेलं.

सगळ्यांना कच्चीच शिलाई घालत होते. एक दिवसाचा तर कपडा. मग माझं मलाच वाईट वाटलं. उसवून पुन्हा पक्की घातली. हाताला खोड आहे, काय करणार.

२२ मार्च
आज ताईचं माप घेतलं. तिची मापं मला तोंडपाठ आहेत, तरी घेतलं. कंबर एवढी कमी निघाली की मी टेप पुन्हा लावली. दंडाचं तर भलतंच. डावा नेहमीचा आणि उजवा त्याच्यापेक्षा चांगलाच जाड. तीनदा घेतलं, तीनदा तेच. शेवटी टेप फेकली. बरीच वर्षं वापरतेय, ताणली गेली असणार. कापडी टेप ताणली की वाट्टेल ते सांगते.

ताई म्हणाली, "पुरे गं, हात वर धरून दुखायला लागला." मग मी दोन्ही बाह्या ऐसपैस धरल्या आणि कापून टाकलं. जाऊन नवीन टेपही आणली.

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "टेप ताणली तर दोन्ही हात सारखेच चुकतील ना?"

"तुम्ही तुमच्या लिफ्टचं बघा," म्हटलं. उगाच नको तिथे अक्कल पाजळतात.

३० मार्च
ताई खुशीत आहे. खरं सांगायचं तर कित्येक वर्षांत मी तिला इतकी खुशीत पाहिली नव्हती. एक्स्चेंजमधल्या ज्या मैत्रिणीशी तिने अबोला धरला होता, तिला फोन करून तासभर खिदळली. जिन्यातल्या कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या. आज सकाळी मी तिची वेणी घालत होते, हल्ली तिचा उजवा हात मागे जात नाही. ती म्हणाली, "किती बरं आहे ना चिमे, सगळे एकदम. कुणी कुणाच्या आधी नाही, कुणी मागे नाही."

मी म्हटलं, "मला नाही जायचं तुमच्याबरोबर. माझ्याकडे लग्नसराईच्या ऑर्डरी आहेत."

ती इतकी हसली की ठसका लागला आणि बराच वेळ गेला नाही.

८ एप्रिल
ताई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली सापडली. पाठीत चमक भरली म्हणते. खोकला आहेच. मास्तरांच्या लोकांनी दिवसातून एकदाच जेवायचं खूळ काढलंय, त्यानेच अशक्तपणा आलाय. दोन अंडी उकडून समोर बसून खायला लावली. एकवीसनंतर हिला महिनाभर खाऊपिऊ घालून अशी गुबगुबीत करते की झगा टराटरा उसवेल.

१४ एप्रिल
डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. पेशंट का आली नाही, विचारत होत्या. मी सौदा समजावून सांगितला. एकवीसला हाताला धरून आणते, म्हटलं. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाल्या, "बरं. सकाळी लवकर या."

त्यांनाही पटलं असावं.

१९ एप्रिल
सगळे झगे गेले. शेवटचा मास्तरांचा होता. अंगावर धरून बघितला, म्हणाले, "शिलाई फार सुंदर घातलीत. गरज नव्हती."

जाताना दारात थांबले. "तुमचा नाही शिवलात?"

मी म्हटलं, "मला उद्या काम आहे."

२० एप्रिल
दुपारी गेले होते त्यांच्या मैदानावर, जिथे मास्तर गाडी शिकवतात तिथे. डांबरावर इंग्रजी आठचा आकडा रंगवलेला आहे, त्याच्यावर गाडी फिरवायला शिकवतात. त्या आकड्यावर सगळे निळे झगे ओळीने उभे. चष्मेवाल्याने पोट आत ओढून धरलेलं. कुंपणाबाहेर बघ्यांची गर्दी आणि एक आइस्क्रीमची गाडी. आइस्क्रीमवाला सोडून कुणाचंच धड काही चाललेलं नव्हतं.

मी ताईसाठी घडीची खुर्ची नेली होती. ती नको म्हणाली. उभीच राहिली, डोळे मिटून, मला तर ती फोटो काढून घेणाऱ्या मुलीसारखी दिसली.

सावल्या पायाखाली गोळा झाल्या. एक ढगही आला. लोकांनी श्वास रोखला. खोटं कशाला सांगू, मीही रोखला. ढग गेला. ऊन पुन्हा डोळ्यात आलं. सावल्या हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकायला लागल्या.

भूगोलाच्या बाई आधी निघाल्या, वह्या तपासायच्यात म्हणाल्या. मग चष्मेवाला पोट सोडून आइस्क्रीम घ्यायला गेला, तर खिसाच नाही, पैसे कुठले! आइस्क्रीमवाल्याने तसंच दिलं. एकेक करून सगळे गेले. मास्तर शिकवणीच्या गाडीत जाऊन बसले, शिकाऊ माणसाच्या सीटवर.

ताई आठच्या आकड्यावर एकटी. मी जवळ जाऊन म्हटलं, "चल आता. जिंकले मी."

तिने डोळे उघडले. "म्हणजे आता मी एकटीच?"

"एकटी कशी? मी आहे ना!"

लहान मुलाने काहीतरी बोलावं आणि आपण त्याच्या गालावरून हात फिरवावा, तसा तिने माझ्या गालावरून हात फिरवला. हात केवढा सुजलाय तिचा. उन्हाने असेल.

२१ एप्रिल
शटर उघडलं. मुद्दाम खडाखडा वाजवत उघडलं, वर ऐकू जावं म्हणून. ताई तयार होऊन खाली आली. शब्दाला पक्की.

हॉस्पिटलात तिला अंगात घालायला गाउन दिला. तिने दोन्ही बाजूंनी हात फिरवून पाहिला. "यालाही खिसे नाहीत," म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. तपासण्या लिहून दिल्या.

२९ एप्रिल
ऑपरेशन नाही.

फुप्फुसात गेलंय आणि मणक्यात. आता कापून उपयोग नाही, दुखणार नाही एवढं बघू, म्हणाल्या.

मी विचारलं, "मार्चमध्ये आणलं असतं तर?"

त्या पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिल्या. "कदाचित तेव्हाही आत कुठेतरी असेल," म्हणाल्या. त्या मला सांभाळून घेत होत्या. आपल्याला कुणी सांभाळून घेतं तेव्हा कळतं.

घरी आले आणि चिंध्यांच्या पोत्यात हात घालून जुनी टेप शोधून काढली. नव्या टेपेशेजारी टेबलावर ताणून ठेवली. रेघेला रेघ लागली. सुतभरही फरक नाही. माझ्या हातांना मार्चमध्येच कळलं होतं आणि मी टेप बदलली. जिने माझी वेणी घातली, तिच्याशी मी सौदा करत बसले. हे दार लोटून आत आले आणि माझ्याजवळ उभे राहिले. आज हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

६ मे
लोक झगे घेऊन यायला लागलेत. खिसे लावून द्या म्हणतात. कापड चांगलं आहे, शिलाई पक्की आहे, घरात घालायला होईल. चष्मेवाल्याला दोन्ही बाजूंना हवेत आणि छातीवर एक पेनासाठी. भूगोलाच्या बाई हळूच म्हणाल्या, "मी काही तसं खरं मानत नव्हते हं. कुतूहल म्हणून."

एकाही माणसाने ताई कशी आहे विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण खिसा केवढा हवा ते सांगून झाल्यावर.

मी खिसे लावतेय. दुसरं काय येतं मला?

वर ताई भिंतीकडे तोंड करून पडून असते. दुखण्याचं औषध घेते, पण बोलत नाही. काल सूप पाजत होते तर म्हणाली, "ते सगळे परत आपापल्या कामाला लागले ना गं?" मी हो म्हटलं. "बरंच झालं," म्हणाली आणि तोंड फिरवलं. तेव्हा मला मैदानावरचं तिचं वाक्य कळलं. मला वाटत होतं ही मास्तरांच्या नादी लागून गाठ विसरली. ती एक क्षणही विसरली नव्हती. तिला मरणाची भीती नव्हती, आपण जायचं आणि मागे आइस्क्रीमची गाडी चालू राहायची, याची होती. आता माझ्या मशीनचा आवाज तिच्या खोलीत वर जातो. रोज.

११ मे
आज जे केलं ते कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. मी मास्तरांकडे गेले.

ते मैदानावर आठचा आकडा नव्याने रंगवत होते. शिकवण्या बंद झाल्यात, कुणी येत नाही, तरी रंगवत होते. मी म्हटलं, "मास्तर, दुसरी तारीख द्या."

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. "कसली तारीख?"

"शेवटाची. सांगा, चूक झाली, मोजताना काहीतरी राहिलं. जूनमधली द्या. लवकरची द्या. वर येऊन ताईला सांगा, सगळे जाणार म्हणून."

"तुमचा तर विश्वास नव्हता."

"अजूनही नाही. पण तुम्ही सांगा ना! तुमचं ती ऐकते. तुम्ही सांगितलं तेव्हा ती किती सुखात होती."

मी त्यांच्या हाताला धरलं होतं, रंग माझ्या हाताला लागला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "मला तेव्हा खरंच कळलं होतं हो. म्हणून सांगितलं. आता काहीच कळत नाही. सकाळी उठतो तर नुसती सकाळ असते. ही गेल्यापासून मीही त्या दिवसाचीच वाट बघत होतो."

"मग खोटं सांगा."

"जमणार नाही," म्हणाले. "त्यांना मी गाडी शिकवलीय. माझा आवाज ओळखतात त्या."

मला त्यांना शिव्या घालायच्या होत्या. दोन महिने साठवून ठेवल्या होत्या. एकही आली नाही. त्यांच्या शेजारी उन्हात बसून राहिले. मग त्यांनी दुसरा ब्रश दिला आणि मी आठचा खालचा गोळा रंगवला.

१६ मे
ताईला आता उठवत नाही. हे आणि मी मिळून कूस बदलतो. हे तिला 'लिफ्ट वर, लिफ्ट खाली' म्हणून हसवायला बघतात. एकदा हसली.

२३ मे
मीच सांगितलं शेवटी.

दुपारी तिचे केस विंचरताना म्हटलं, "मास्तर भेटले होते. म्हणाले, तारखेत चूक झाली. जूनमध्ये आहे. सगळे जाणार, नक्की."

माझा आवाज असा निघाला की माझं मलाच ऐकवेना. एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेली बाई ती. तारेवरून कोण काय लपवतंय ते तिला श्वासावरून कळायचं. डोळे मिटून पडून राहिली. मला वाटलं झोपली.

"सगळे?" म्हणाली.

"सगळे."

"तूही?"

"मीही. मी काय इथे खिसे लावत बसू?"

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी शाळेत मार्क वाढवून सांगायचे तेव्हा बघायची, तस्संच. तेव्हाही ओरडायची नाही. शाबास म्हणायची आणि पुस्तक घेऊन बसवायची.

"मग तुझा झगा कुठाय?"

"शिवते," म्हटलं.

"माप घेतलंस का?"

"माझं माप मला माहितीय."

"स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, चिमे. तूच सांगतेस ना गिऱ्हाइकांना? टेप आण."

आणली. जुनीच आणली. तिला उशांच्या आधाराने बसवलं आणि मी पलंगाच्या कडेला तिच्याकडे पाठ करून बसले, शाळेत असताना वेणीसाठी बसायचे तशी. तिने डाव्या हाताने टेप माझ्या खांद्यावर टाकली. उजवा नुसता टेकवला होता माझ्या पाठीवर, जड आणि गरम. टेप सारखी घसरत होती. ती पुन्हा उचलत होती. खोकला आला की थांबत होती. हे दारात आले आणि तसेच मागे फिरले.

खूप वेळ लागला. तिने एकेक आकडा सांगितला. खांदा, छाती, कंबर, बाही. टेप कुठेच अंगाला टेकलेली नव्हती, सगळे आकडे भलतेच मोठे येत होते. त्या मापाचा झगा शिवला तर त्यात आम्ही दोघी मावू.

"खिसे नकोत," म्हणाली.

"नाही लावत."

"लिहिलंस का सगळं?"

मी तिने सांगितलं तसंच लिहून घेतलं.